विस्मरण, निदान आणि दुसरे मत

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतक्या सहजतेने वापरली जाते, की तिच्यामुळे परस्परविरुद्ध अशा दोन चुका घडतात हे सहसा ध्यानात येत नाही. घरातील वडीलधारी व्यक्ती विसरू लागली की ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून आपण डॉक्टरांकडे जाण्याचेच टाळतो, ही पहिली चूक. आणि डॉक्टरांनी कागदावर ‘डिमेन्शिया’ हा शब्द लिहिला, की ‘वयच तसे आहे, असणारच’ असे म्हणून तो शब्द एकही प्रश्न न विचारता स्वीकारतो, ही दुसरी. पहिल्या चुकीविषयी आता पुष्कळ लिहिले जाते. दरवर्षी २१ सप्टेंबरला, म्हणजे जागतिक अल्झायमर दिनी, वृत्तपत्रांतून त्यावर लेखही येतात. प्रस्तुत लेख दुसऱ्या चुकीविषयी आहे.

नोव्हेंबर महिना म्हणजे बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. दोन वर्षांपूर्वी आमच्या बंगळुरूच्या शाखेत, त्याच रांगेत, मूळचे बेळगावचे एक गृहस्थ आपल्या ७९ वर्षांच्या वडिलांना घेऊन आले. त्यांनी माझ्यासमोर एक फाइल उघडली, एका कागदावर बोट ठेवले आणि वडिलांच्या देखतच म्हणाले, “मॅडम, यांना डिमेन्शिया झाला आहे. खाते आणि मुदत ठेवी माझ्या नावावर करून घ्यायच्या आहेत.” वडील शांतपणे समोर पाहत होते. मी त्यांना विचारले, “काका, आपले काय म्हणणे आहे?” ते म्हणाले, “माझे म्हणणे अजून कोणी विचारलेले नाही.” मग त्यांनी दाखल्यावर सही केली. ती आमच्याकडील जुन्या नमुना सहीशी तंतोतंत जुळत होती.

सही जुळली म्हणून निदान चुकीचे ठरत नाही, हे येथे स्पष्ट करणे अगत्याचे आहे. हाताच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी स्मृती ढळू लागल्यावरही दीर्घकाळ टिकून राहतात. तेव्हा त्या दिवशी मला निदानाविषयी काहीच ठरवता येत नव्हते, आणि तो माझा अधिकारही नव्हता. परंतु तो प्रसंग माझ्या मनातून गेला नाही, कारण त्याच सुमारास माझ्या स्वतःच्या घरातही असाच एक कागद येऊन पडला होता.

माझी आई वाईची. ३३ वर्षे प्राथमिक शिक्षिका होती. वडील गेल्यानंतर, वयाच्या ७५व्या वर्षी, ती माझ्याकडे बंगळुरूला राहावयास आली. सहा-सात महिन्यांतच तिच्यात बदल दिसू लागला. एकच प्रश्न ती दोन-तीनदा विचारी. आमटीत मीठ दोनदा पडे. एकदा गॅस तसाच चालू राहिला, आणि एकदा इमारतीतील दुसऱ्याच मजल्यावर उतरून ती अनोळखी दाराची घंटा वाजवत उभी राहिली. आम्ही तिला एका डॉक्टरांकडे नेले. तपासणी पंधरा मिनिटांत आटोपली. प्रश्नावलीत ३० पैकी १९ गुण पडले, एमआरआयच्या अहवालात ‘मेंदूचा संकोच’ असे शब्द होते, आणि फाइलवर निदान लिहिले गेले. पुण्याहून दादाचा फोन आला. “आता वाईचे घर विकून टाकू. नंतर तिच्या सह्या चालणार नाहीत,” तो म्हणाला. त्याचे बोलणे व्यवहाराला धरून होते. तरीही मला ते फार घाईचे वाटले.

मुळात डिमेन्शिया, म्हणजेच स्मृतिभ्रंश, हे एका रोगाचे नाव नव्हे. ताप हे जसे लक्षण, तशी ही एक अवस्था आहे. स्मरण, भाषा, निर्णयशक्ती, वाटांचे आणि जागांचे भान यांपैकी एकाहून अधिक क्षमता त्या व्यक्तीच्या पूर्वीच्या पातळीवरून घसरतात आणि त्या घसरणीमुळे रोजचे व्यवहार स्वतंत्रपणे करणे कठीण होते, तेव्हा हा शब्द वापरतात. अल्झायमरचा विकार हे तिचे सर्वांत सामान्य कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार हे दुसरे, आणि याखेरीज आणखीही आहेत. जाता जाता सांगावयास हवे, की डॉ. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या रुग्णेची हकीकत जर्मनीतील एका सभेत मांडली, ती ऑगुस्टे डेटर १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. म्हणजे ‘वय झाले की होतेच’ हा समज या विकाराच्या पहिल्याच नोंदीशी विसंगत आहे. आणि वय झालेल्या बहुसंख्य माणसांना तो होतही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतातील ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. संख्या मोठीच आहे. पण उरलेल्या सुमारे ९३ टक्क्यांतील कोणी विसरू लागले, तर त्याचे कारण वेगळे असू शकते, हेही त्याच आकड्यात दडलेले आहे.

या अवस्थेचे निदान एखाद्या साध्या रक्तचाचणीने ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे उमटत नाही. अल्झायमरशी निगडित प्रथिने रक्तात मोजणाऱ्या चाचण्या अलीकडे उपलब्ध होऊ लागल्या आहेत. अशा एका चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये संमती दिली. मात्र त्यादेखील तज्ज्ञाच्या तपासणीला पूरक म्हणूनच आहेत. निदान हा अनेक धाग्यांवरून काढलेला निष्कर्ष असतो. बदल केव्हा सुरू झाला आणि कसा वाढत गेला याची घरच्यांनी सांगितलेली हकीकत हा त्यातील सर्वांत बळकट धागा. मग शारीरिक तपासणी, बोधक्षमतेची चाचणी, रक्ततपासण्या, मेंदूचे चित्र, आणि चालू असलेल्या औषधांचा आढावा. यांतील दोन-तीन धागे जर कोणी हातातच घेतले नसतील, तर निष्कर्ष बरोबर असूनही कच्चा राहतो. म्हणून ‘निदान खरे की खोटे’ या वादात शिरण्याऐवजी ‘या निदानासाठी काय काय पाहिले गेले’ असे विचारणे अधिक उपयोगाचे. या प्रश्नाने डॉक्टरांचा अवमान होत नाही, आणि आपल्यालाही नेमके उत्तर मिळते.

गुणांचा हिशेब

आईच्या १९ गुणांचा कागद मी घरी नीट वाचला. आयुष्यभर बँकेत ताळेबंद जुळवण्याची सवय असल्याने ११ गुण कोठे गेले हे पाहिल्याशिवाय राहवेना. ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ ही ३० गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यात वार-तारीख-महिना-ऋतू-वर्ष, राज्य-जिल्हा-शहर-इमारत-मजला, तीन शब्द ऐकून म्हणणे आणि थोड्या वेळाने आठवणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे, एक वाक्य जसेच्या तसे उच्चारणे, वाक्य लिहिणे, आकृती काढणे असे प्रश्न असतात. आईला ते इंग्रजी-हिंदी मिश्रित भाषेत विचारले गेले होते. महिना कोणता, याचे उत्तर तिने ‘कार्तिक’ दिले होते. ऋतू ‘शरद’ सांगितला होता. दोन्ही उत्तरे पंचांगाप्रमाणे अचूक, आणि दोन्हींचे गुण गेलेले. जिल्हा, रुग्णालयाचे नाव आणि मजला तिला सांगता आले नव्हते. त्या इमारतीत ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती आणि लिफ्टने तिला मीच वर नेले होते. इंग्रजी वाक्य उच्चारता आले नाही. वजाबाकीत तीन गुण गेले. राहिलेले दोन गुण तीन शब्दांपैकी दोन न आठवल्याचे होते, आणि त्या दोन गुणांकडे मला दुर्लक्ष करता येईना.

भाषा, शिक्षण आणि परिसर यांचा अशा चाचण्यांवर परिणाम होतो ही बाब तज्ज्ञांना नवी नाही. हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या भारतीय व अमेरिकी संशोधकांनी १९९५ साली या चाचणीचे हिंदी रूप प्रसिद्ध केले, ते याच कारणासाठी. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही अशा वृद्धांना अमेरिकेतील प्रश्न विचारणे म्हणजे त्यांची स्मृती सोडून त्यांचे शिक्षण मोजणे, हे त्यांनी ओळखले होते. याउलट अतिशय सुशिक्षित माणूस पूर्ण गुण मिळवूनही घरी हिशेबात चुकत असू शकतो. त्याच प्रकल्पात रोजच्या व्यवहारातील क्षमता तपासणारी, घरच्या माणसाला विचारावयाची एक प्रश्नावलीही तयार करण्यात आली. नुसत्या गुणांपेक्षा ‘पूर्वी जमत असे ते आता जमेनासे झाले आहे का’ हा प्रश्न महत्त्वाचा, हे त्यामागचे तत्त्व.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील निवृत्तीनंतर हैदराबाद, बंगळुरू, अहमदाबाद किंवा दिल्लीला मुलांकडे येऊन राहतात. त्यांची तपासणी त्यांच्या मातृभाषेत व्हावी असा आग्रह धरणे मुळीच गैर नाही. मराठी जाणणारे तज्ज्ञ मिळाले नाहीत, तर निदान प्रश्न मराठीत सांगणारी व्यक्ती सोबत असावी. मात्र त्या व्यक्तीने उत्तर सुचवू नये. हा मोह फार होतो. मलाही झाला होता.

सोंग घेणारी कारणे

दुसरे मत घेण्याचे सर्वांत मोठे प्रयोजन हे, की काही आजार स्मृतिभ्रंशाचे सोंग घेऊन येतात आणि त्यांच्यावर उपचार असतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे आपल्याकडील ठळक उदाहरण. शुद्ध शाकाहारी वृद्धांत ती आढळतेच. शिवाय मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज सकाळी घेतलेली गोळी यांमुळेही ती वाढते. थायरॉइडचे काम मंदावणे, रक्तातील सोडियम कमी होणे (रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हे घडते), यकृत व मूत्रपिंडाचे विकार, हे सारे साध्या रक्ततपासणीत कळते. घरात पाय घसरून डोक्याला किरकोळ मार लागतो, सगळे विसरून जातात, आणि काही आठवड्यांनी मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचलेल्या रक्तामुळे माणूस गोंधळू लागतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर याची शक्यता अधिक. मेंदूतील पाण्याचे प्रमाण वाढून होणारा एक विकार आहे. त्यात पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरील ताबा जाणे आणि विस्मरण अशी तीन लक्षणे दिसतात, आणि योग्य रुग्णांत शस्त्रक्रियेने, विशेषतः चालण्यात, सुधारणा होते.

नैराश्याचे प्रकरण अधिक अवघड. जोडीदार गेल्यानंतर, गाव सुटल्यानंतर, माणूस गप्प होतो, लक्ष लागत नाही, विचारले तर ‘मला नाही माहीत’ एवढेच म्हणतो. हे विस्मरणासारखे दिसते आणि उपचाराने बरेचदा सुधारते. परंतु उतारवयातील नैराश्य ही कधी कधी येऊ घातलेल्या स्मृतिभ्रंशाची पहिली पायरीही असते, त्यामुळे ‘नैराश्यच आहे’ असे ठरले तरी पुढील तपासण्या थांबवू नयेत.

आणि औषधे. या एका बाबीवर थोडे थांबावेसे वाटते, कारण आमच्या घरातील गाठ येथेच होती. दुसऱ्या डॉक्टरांनी, त्या वार्धक्यातील आजारांच्या तज्ज्ञ होत्या, आईला पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी मला सांगितले, “घरात आहेत त्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा. दुकानातून आणलेल्यासुद्धा.” टेबलावर अकरा पाकिटे निघाली. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी, तीन वेगवेगळ्या वर्षी दिलेली. त्यांत लघवीची घाई कमी करणारी एक गोळी होती, बाबा गेले तेव्हा ‘चार दिवस घ्या’ म्हणून दिलेली आणि दोन वर्षे चालू राहिलेली झोपेची गोळी होती, आणि सर्दीसाठी आई मनानेच घेत असलेली, गुंगी आणणारी गोळी होती. मूत्राशयाची काही औषधे आणि जुन्या प्रकारच्या सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या मेंदूतील ॲसिटिलकोलिन या द्रव्याला रोखतात. आणि अल्झायमरसाठी देतात ते डोनेपेझिल नेमके तेच द्रव्य वाढवण्यासाठी असते. आईला दोन्ही चालू होती! एक गोळी दार लावत होती आणि दुसरी तेच दार उघडू पाहत होती. वाचकांनी यावरून घरच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती. झोपेच्या काही गोळ्या अचानक थांबवल्यास आकडीही येऊ शकते. त्या डॉक्टरांनीही आईची गोळी सहा आठवड्यांत पायरीपायरीने कमी केली.

तिसरी गोष्ट कानांची निघाली. ज्याला शब्द नीट ऐकूच आला नाही, त्याला तो पाच मिनिटांनी आठवणार कसा? ऐकू कमी येणे ही स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणाऱ्या, पण उपाय करता येण्याजोग्या बाबींपैकी एक आहे, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ च्या अहवालातही नमूद केले आहे. दृष्टी अधू होणे ही बाब त्याच अहवालात नव्याने समाविष्ट झाली.

रुग्णालयात दाखल असताना झालेल्या निदानाविषयीही सावध असावे. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा शस्त्रक्रियेनंतर वृद्ध व्यक्ती एक-दोन दिवसांत एकदम बरळू लागते, रात्री भ्रमिष्टासारखी वागते, सकाळी पुन्हा ठीक असते. याला डिलिरियम म्हणतात. तो तातडीने उपचार करण्याचा आजार आहे. डिलिरियम असताना घेतलेल्या गुणांवरून कायमचे निदान करू नये, आजारातून उठल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, पुन्हा तपासावे. येथे हेही सांगावयास हवे की बदल जर तासा-दिवसांत झाला असेल, डोक्याला मार लागला असेल, ताप असेल, हातापायाची शक्ती गेली असेल, तर ती वेळ दुसरे मत शोधण्याची नसते. सरळ रुग्णालय गाठावे.

‘मेंदूचा संकोच’ या शब्दांनी आम्ही सर्वाधिक घाबरलो होतो. वयाबरोबर मेंदू काहीसा आक्रसतोच. एमआरआयचे चित्र रक्तस्राव, गाठ, पक्षाघाताच्या खुणा आहेत की नाहीत हे सांगते, कोणता भाग अधिक आक्रसला आहे हेही दाखवते. परंतु तेवढ्या दोन शब्दांवर निदान उभे राहत नाही.

निदान कायम राहते तेव्हा

इतके वाचून कोणास वाटेल, की दुसरे मत घेतले म्हणजे निदान पुसले जाते. तसे नाही. पूर्णपणे उलटवता येईल असा स्मृतिभ्रंश एकंदरीत थोड्याच रुग्णांत आढळतो. बरेचदा उपचारयोग्य कारण सापडते, ते दूर केल्याने माणूस काहीसा सुधारतो, आणि मूळ विकार शिल्लक राहतो. मग खटाटोप कशासाठी, याचे उत्तर माझ्या इंदूरच्या एका सहकाऱ्याच्या अनुभवात आहे. त्याच्या वडिलांना तिन्हीसांजेला अंगणात लहान मुले खेळताना दिसत. झोपेत ते हातपाय झाडत, ओरडत. एखादा दिवस अगदी लख्ख, दुसरा पूर्ण धूसर. त्यांना अल्झायमर ठरवून, भास होतात म्हणून शांत करणारे हॅलोपेरिडॉल दिले गेले, आणि चार दिवसांत त्यांचे अंग लाकडासारखे ताठ झाले. ‘बाबांना काहीही झालेले नाही, हे सगळे औषधांचे आहे’ अशी खात्री बाळगून माझा सहकारी दुसऱ्या मेंदुविकारतज्ज्ञांकडे गेला. स्मृतिभ्रंश होताच, असे तेथे ठरले. पण तो ‘ल्युई बॉडी’ प्रकारचा होता. या प्रकारात नेमकी तशी औषधे फार घातक ठरू शकतात. औषध बदलले आणि ते पुन्हा अंगणापर्यंत चालू लागले. विकाराचे नाव तेच राहिले, आडनाव बदलले, आणि त्या आडनावावर त्यांचे पुढील आयुष्य अवलंबून होते.

पण पाचव्या-सहाव्या डॉक्टरांकडे जाऊन हवे ते उत्तर मिळेपर्यंत शोध घेणे, ‘मेंदूचे टॉनिक’ आणि ‘खात्रीशीर उपचार’ यांच्या जाहिरातींमागे ठेवी मोडणे, याला दुसरे मत म्हणता येत नाही. दोन तज्ज्ञांनी पूर्ण तपासणी करून एकच निष्कर्ष काढला असेल, तर तो स्वीकारून पुढील व्यवस्थेस लागणे हेच श्रेयस्कर. मतभेद असेल तर सहा महिन्यांनी तीच चाचणी त्याच भाषेत पुन्हा करणे हा उत्तम मार्ग. कारण घसरण होते आहे की नाही हे एका दिवसाच्या गुणांपेक्षा दोन दिवसांच्या गुणांतील अंतर अधिक खरेपणाने सांगते.

दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या पुढाकाराने २०१८ साली तयार झालेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेच्या २००२ सालच्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे देणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात नियम दाखवण्याची वेळ क्वचितच येते. मी पहिल्या डॉक्टरांना इतकेच म्हटले, “डॉक्टर, निर्णय मोठा आहे, म्हणून आम्हांला आणखी एकदा दाखवून घ्यायचे आहे. आपण कागद द्याल का?” ते किंचित नाराज झाले, पण कागद मिळाले. मेंदुविकारतज्ज्ञ, वृद्धांच्या मानसिक आजारांचे तज्ज्ञ किंवा वार्धक्यातील आजारांचे तज्ज्ञ, यांपैकी कोणाकडेही जाता येते. बंगळुरूची निम्हान्स, दिल्लीची एम्स, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाळ संस्था येथे या विषयाचे स्वतंत्र काम चालते. केरळमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्थेच्या देशभरातील शाखांतून मार्गदर्शन मिळते, आणि १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

जाताना नुसता अहवाल न नेता एमआरआयची फिल्म वा सीडी न्यावी, गोळ्यांची पिशवी न्यावी, चष्मा आणि श्रवणयंत्र विसरू नये, आणि घडलेल्या प्रसंगांची तारखेसह वही न्यावी. ‘खूप विसरते’ यापेक्षा ‘१२ तारखेला तिसऱ्या मजल्यावर उतरली’ ही नोंद डॉक्टरांच्या शंभरपट उपयोगाची. दुसऱ्या डॉक्टरांची परीक्षा पाहण्यासाठी पहिला कागद लपवून ठेवण्याची एक रीत आपल्याकडे आहे. ती सोडून द्यावी. आणि ज्यांच्याविषयी हे सर्व चालले आहे, त्यांना विचारल्याशिवाय यातील काहीही करू नये.

बँकेच्या बाजूने

आता त्या बेळगावच्या गृहस्थांकडे वळते. डॉक्टरांचा कागद दाखवून वडिलांचे खाते मुलाच्या नावावर होत नाही. निदान झाले म्हणजे त्याच दिवशी माणसाची निर्णयक्षमता संपली, असेही कायदा मानत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या १२व्या कलमानुसार, करार करतेवेळी तो समजून घेण्याची आणि आपल्या हिताचा विचार करण्याची क्षमता आहे का, हे पाहिले जाते. सौम्य अवस्थेतील पुष्कळ व्यक्तींना ती असते. म्हणूनच निदान पक्के होवो वा न होवो, त्यांच्या संमतीने काही व्यवस्था वेळेवर करून ठेवाव्यात. विश्वासू व्यक्तीला सहखातेदार करणे, निर्वाह चालेल इतकीच रक्कम त्या खात्यात ठेवणे, वीज-औषधांची देयके आपोआप भरली जाण्याची सूचना देणे, मृत्युपत्र करणे. नामनिर्देशन हे मृत्यूनंतर उपयोगी पडते, हयातीत नाही, याचा अनेकांना विसर पडतो.

मुखत्यारपत्राविषयी तर मोठाच गैरसमज आहे. ‘बाबांची स्मृती गेली की मुखत्यारपत्र कामी येईल’ असे समजून लोक ते तिजोरीत जपून ठेवतात. त्याच करार कायद्याच्या २०१व्या कलमानुसार, मुखत्यारी देणाऱ्याची मानसिक क्षमता नाहीशी झाली की ती संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले, त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते. त्यानंतर पालकनियुक्तीसाठी न्यायालयातच जावे लागते आणि अनेक कुटुंबांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आहे. केवळ शारीरिक दुर्बलतेमुळे सही होत नसेल, तर अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमक्ष घेण्याची सोय आहे. त्यांतील एक जबाबदार बँक अधिकारी असावा लागतो. ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच बँकसेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१७ साली सूचना दिल्या आहेत, आणि हयातीचा दाखला आता ‘जीवन प्रमाण’द्वारे मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

हे सारे मी त्या दिवशी पितापुत्रांना सांगितले. काकांनी मुलाला सहखातेदार करण्यास आपण होऊन मान्यता दिली, मुदत ठेवी मात्र स्वतःच्या नावावर ठेवल्या. मुलगा त्यांना पुन्हा तपासून घेणार होता. पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. माझी बदली दुसऱ्या शाखेत झाली.

आईचे ब-१२ कमी निघाले. इंजेक्शने झाली, तीन गोळ्या थांबल्या, कानात यंत्र आले. ते तिला अजिबात आवडत नाही आणि पाहुणे गेले की ती ते काढून ठेवते. पाच महिन्यांनी तीच चाचणी मराठीत झाली तेव्हा २५ गुण मिळाले. तीन शब्दांपैकी दोन मात्र याही वेळी आठवले नाहीत. डॉक्टरांनी पहिले निदान खोडून ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ असे लिहिले. म्हणजे वयाच्या मानाने विस्मरण अधिक आहे, पण दैनंदिन व्यवहार स्वतः करता येतात. यातील काही जण पुढे स्मृतिभ्रंशाकडे जातात, काही तेथेच स्थिर राहतात, काही सुधारतात. आई कोणात आहे हे दर सहा महिन्यांनी पाहावयाचे आहे. वाईचे घर अजून विकलेले नाही. दादा दिवाळीत आला, तेव्हा आईने स्वतःच तो विषय काढला आणि वकिलांना घरी बोलावून मृत्युपत्र केले. पुढील तपासणी फाल्गुनात आहे. तारीख आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तांबड्या पेनाने लिहून ठेवली आहे, आणि शेजारी तिथीही.